खाडीतल्या वाटेसाठी सॅटेलाइट नेव्हिगेशन : ठाणे-नवी मुंबईत स्टार्टअपला खरी मदत कुठे मिळते?

ऐरोलीची_जेट्टी
सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही तिघं जण ऐरोलीत एका मित्राच्या वन आरकेमध्ये बसून दीड वर्ष एकाच गोष्टीच्या मागे आहोत. ठाणे खाडीत छोट्या होड्या घेऊन जाणाऱ्या कोळी लोकांसाठी एक ॲप आणि त्याच्यासोबत जेवणाच्या डब्याएवढा रिसीव्हर. तो सांगणार की आत्ता, या भरतीला, होडी कुठून निघेल आणि कुठे गाळात बसेल. सुचलं कसं ते सांगतो. मागच्या वर्षी मे महिन्यात एका तांडेल काकांबरोबर खाडीत गेलो होतो, परतताना सुकती लागली आणि होडी बसली. माझ्या फोनच्या नकाशात आम्ही छान निळ्या पाण्याच्या मधोमध होतो आणि इकडे काका मांडीपर्यंत चिखलात उतरून होडीला खांदा लावत होते. साडेतीन तास गेले, पाण्याची बाटली एकच होती. काका नंतर म्हणाले, "वाट हितंच होती रं, गेल्या पावसापर्यंत हितंच होती." ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही.

आता प्रश्न. गेल्या सहा महिन्यांत आम्ही एका इन्क्युबेटरकडे गेलो, दोन सरकारी कार्यालयांत गेलो. इन्क्युबेटरवाल्यांनी चार खुर्च्या, वायफाय आणि महिन्यातून एक मेंटॉर असं देऊ केलं आणि विचारलं की युजर किती आहेत. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. कोणी वाईट वागलं नाही, चहा पण पाजला, पण आम्हाला खुर्ची नकोय, ती आमच्याकडे आहे. आम्हाला पाण्यावर चाचणी घ्यायला परवानगी, चांगला रिसीव्हर आठवडाभर वापरायला आणि पहिलं गिऱ्हाईक हवंय. हे आपल्या भागात कोण देतं? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा प्लीज.

वागळेवाला
मंगळवार, सकाळी ८:०५

भाऊ, आधी अभिनंदन, असलं काम करायला धीर लागतो. आम्ही वागळे इस्टेटमध्ये गाड्यांचे ट्रॅकर बनवतो, एआयएस-१४० वाले, बस-टॅक्सीत बसतात ते. त्यामुळे हार्डवेअरचं थोडं सांगू शकतो.

आमचा पहिला बोर्ड टेबलावर ठेवला की पाच मीटरच्या आत जागा दाखवायचा आणि डब्यात घालून गाडीत बसवला की दोनशे मीटर इकडे नाहीतर तिकडे. महिनाभर आम्ही फर्मवेअरमध्येच चूक शोधत बसलो. शेवटी निघालं काय तर पॉवर सप्लायची कॉइल ॲन्टेनाच्या बरोबर खाली होती. सॅटेलाइटचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका बारीक झालेला असतो की आपल्याच डब्यातली खरखर त्याला गिळून टाकते. कॉइल दोन सेंटिमीटर सरकवली, वर पत्र्याची टोपी बसवली आणि सिग्नलची ताकद ३१ वरून ४३ डेसिबल-हर्ट्झ झाली. हे आम्हाला कोणी पहिल्याच दिवशी मोजून दाखवलं असतं तर एक महिना आणि दोन वेळा पीसीबी छापायचा खर्च वाचला असता.

तर तुम्ही ईएमआय-ईएमसीची, म्हणजे या विद्युत खरखरीची चाचणी शेवटी ठेवू नका, आधीच करून घ्या. गाड्यांच्या सर्टिफिकेटला आम्हाला पुण्याला एआरएआयकडे जावं लागतं, होडीला ते लागू नाही, पण ही चाचणी करायला लांब जायची गरज नाही, समीर या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेचं केंद्र खारघरला आहे. ऐरोलीवरून अर्धा-पाऊण तास. किती जणांना हे माहीतच नसतं! मला विचाराल तर प्रादेशिक मदत म्हणजे हेच, की स्टार्टअपला अशा लॅबचे चार-पाच दिवस स्वस्तात मिळावेत आणि सोबत एक जाणता इंजिनिअर बसावा.

आणि एक, फक्त नाविकवर, म्हणजे आपल्या भारतीय उपग्रह नेव्हिगेशनवर अवलंबून राहू नका. मला नाविकचा अभिमान आहे, पण माणसाचा जीव होडीत असतो म्हणून स्पष्ट लिहितो. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये, आणि मग जुन्या उपग्रहांतली परदेशी रुबिडियम घड्याळं एकेक करून बंद पडत गेली. २९ मे २०२३ चा एनव्हीएस-०१ स्वदेशी घड्याळ घेऊन गेला आणि त्यात एल१ बँड आला ही मोठी गोष्ट, कारण साध्या फोनच्या चिपला तोच बँड सोपा. पण २९ जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२, श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण, त्याच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडला नाही आणि तो ठरल्या कक्षेत पोचलाच नाही. म्हणून जीपीएस, गॅलिलिओ, ग्लोनास, बायडू आणि नाविक सगळं एकत्र घेणारी चिप घ्या.

ऐरोलीची_जेट्टी
मंगळवार, सकाळी ९:४०

वागळेवाले दादा, कॉइलचं वाचून लगेच डबा उघडला. आमची पण ॲन्टेनाच्या खालीच आहे. खूप आभार. चिप आम्ही सगळ्या प्रणालींची घेतलीय, नाविक सोडवत नाही कारण त्याचे उपग्रह आपल्या आकाशात उंच टांगल्यासारखे असतात, पुलाच्या कडेला किंवा तिवरांच्या मधून जाताना बाकीचे झाकले जातात तेव्हा त्याचा आधार होतो.

कोपरखैरणे_ते_म्युनिक
मंगळवार, दुपारी १:३०

धागा वाचून राहवलं नाही. मी सात वर्षं म्युनिकजवळ नोकरी करून परत आलोय, तिथे हे सगळं जवळून पाहिलं.

म्युनिकच्या नैऋत्येला ओबरपफाफेनहोफेन म्हणून गाव आहे. गॅलिलिओचं एक कंट्रोल सेंटर तिथे, जर्मन अंतराळ संस्थेची मोठी केंद्रं तिथे आणि त्यांच्या शेजारीच युरोपियन स्पेस एजन्सीचं बिझनेस इन्क्युबेशन सेंटर. निवड झाली की दोन वर्षांपर्यंत साथ आणि साधारण ५० हजार युरो, त्यातून प्रोटोटाइप करा, पेटंटचा खर्च करा, कंपनीतला हिस्सा मागत नाहीत. पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त भावली. २००४ पासून तिथे सॅटेलाइट नेव्हिगेशनच्या कल्पनांची स्पर्धा भरायला लागली, पुढे तिचं नाव गॅलिलिओ मास्टर्स झालं, आणि तिच्यात एकेक प्रदेश भागीदार म्हणून उतरायचा, प्रत्येक प्रदेशाचं स्वतःचं बक्षीस, स्वतःचे परीक्षक, स्वतःचे प्रश्न. बंदराच्या गावाचा प्रश्न बंदराचा, डोंगराळ भागाचा प्रश्न बचावकार्याचा. जिंकणाऱ्याला त्याच प्रदेशात काम पुढे न्यायला जागा आणि माणसं मिळायची.

आणि चाचणीचं ऐका. गॅलिलिओचे कामाचे पहिले दोन उपग्रह ऑक्टोबर २०११ मध्ये गेले. त्याच्या आधीच बव्हेरियात बेर्खटेसगाडनला आजूबाजूच्या डोंगरांवर ट्रान्समीटर बसवून गॅलिलिओसारखेच सिग्नल खोऱ्यात सोडले, म्हणजे कंपन्यांना उपग्रहाची वाट न बघता रिसीव्हर तपासता येईल. तसंच एक चाचणीक्षेत्र रोस्टॉकच्या बंदरात, खास जहाजांसाठी. आपल्याकडे पारसिकचा डोंगर आहे, घारापुरी आहे, समोर जेएनपीएसारखं बंदर आहे. आपण का नाही करू शकत?

नवीन_पनवेलहून
मंगळवार, संध्याकाळी ७:१५

म्युनिकवाले दादा, कल्पना ऐकायला छान आहे पण डोंगरावरून नेव्हिगेशनच्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल सोडणं इथे धोक्याचं आहे. एक तर त्याला रीतसर वायरलेस परवाना लागतो, आणि आता उलव्याला विमानतळ सुरू झालाय, जमिनीवरून सोडलेला सिग्नल विमानाच्या रिसीव्हरला फसवू शकतो. कोणी उत्साहात रिपीटर आणून बसवू नका, कळकळीने सांगते. खोट्या आकाशाची चाचणी सिम्युलेटर आणि बंद पेटीतच करायची. पण आता आपले खरे उपग्रह वर आहेतच, तेव्हा आपल्याला ट्रान्समीटर लागतच नाहीत. लागतात त्या पक्क्या मोजलेल्या खुणा, जिथे जाऊन कोणीही आपला डबा ठेवेल आणि चूक किती ते बघेल.

मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आहे, आयनोस्फिअरवर, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरावर काम करते, म्हणून तुमच्या कामातली एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्या होड्या रात्री निघतात ना? आपण विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात आहोत. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास सूर्य मावळल्यावर वर आयनोस्फिअरमध्ये बुडबुडे उठतात आणि सिग्नल तारा लुकलुकावा तसा लुकलुकतो. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत हे वाढतं, आणि आत्ताच्या सौरचक्राचा जोर २०२४ मध्येच जाहीर झालाय. दुपारी पाच सेंटिमीटरची अचूकता दाखवणारा रिसीव्हर रात्री नऊला मीटरभर उडू शकतो, आणि दोष बिचाऱ्या डब्याचा नसतो. युरोपातल्या पुस्तकात हे फारसं सापडणार नाही, त्यांच्या आकाशात ते तसं होतच नाही. ही चाचणी आपल्यालाच करायची आहे, आपल्या रात्री.

आणि हे शिकायला लांब जायला नको, भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेललाच आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेलं. म्हणजे शहराच्या गोंगाटापासून मोजमाप कसं जपायचं हे या किनाऱ्याला शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे. अशा संस्था आणि तुमच्यासारखी पोरं यांच्यात कोणी एक माणूस नेमून गाठ घालून द्यायला हवी, ती घालून देणाराच आज कोणी नाही.

दिवाळ्याचा_पोर
मंगळवार, रात्री १०:५०

मी दिवाळे गावचा, बेलापूर. आमच्या घरात चार पिढ्या हाच धंदा. सगळं वाचलं, तुमची तळमळ खरी वाटली म्हणून सरळ लिहितो, राग मानू नका.

आमचा नाखवा तुमच्या ॲपला होडीची वाट देईल, पण जागा देणार नाही. डोल, म्हणजे मोठं जाळं, कुठे लावायची ती जागा बापाने मुलाला दाखवलेली असते. तुमचा डबा प्रत्येक सेकंदाला होडी कुठे आहे ते लिहिणार, मग ती माहिती कोणाच्या मालकीची? उद्या कोणी विकत घेतली तर? हे लिहून द्यायला हवं, मराठीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर. आमच्याकडे सर्व्हे करून गेलेली माणसं खूप आहेत, पुन्हा तोंड दाखवायला एकही आला नाही.

सरकारने ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात इस्रोच्या ट्रान्सपॉन्डरची योजना चालू केली, एक लाख बोटींवर बसवायचे, दोन्ही बाजूंनी मेसेज जातात, मोबाईलची रेंज नसली तरी. चांगलंच आहे, दर्यात बाहेर जाणाऱ्याला जीव वाचवणारं आहे. पण ते यांत्रिकी आणि मोटरच्या बोटींचं. खाडीत वल्ह्याने जाणाऱ्याला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही, तुम्ही पहिले.

आणि भरतीची वेळ ॲपमध्ये दाखवाल तेव्हा तिथी पण दाखवा. आमची म्हातारी माणसं घड्याळ बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. आणि ती बाहेरच्या किनाऱ्याची वेळ, खाडीत वर ऐरोली-ठाण्याकडे पाणी उशिरा चढतं, किती उशिरा ते आमच्या आजोबांना प्रत्येक खुणेला पाठ होतं. तेवढं तुम्ही मोजून काढलंत तर सगळं गाव तुम्हाला मानेल.

मोजणीवाली
बुधवार, सकाळी ७:५५

दिवाळ्याच्या दादांनी लाखमोलाचं लिहिलंय. मी जमीन मोजणीत काम करते, रोव्हर, म्हणजे जागा अचूक मोजणारा फिरता रिसीव्हर, रोज हातात असतो, तेवढ्यापुरतं.

आपल्या राज्यात भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स केंद्रं आहेत, म्हणजे कायम एका जागी बसून उपग्रहांच्या सिग्नलमधली चूक मोजणारे रिसीव्हर. त्यांची दुरुस्ती मोबाईल डेटावरून आपल्या रोव्हरला येते आणि जागा सेंटिमीटरमध्ये मिळते. नोंदणी करून स्टार्टअपलाही वापरता येते. २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत नकाशाच्या कामाला पदोपदी परवानग्या लागायच्या, त्या महिन्यात केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि भारतीय कंपन्यांना बऱ्यापैकी मोकळीक मिळाली, तेव्हा घाबरू नका.

पण उंचीकडे लक्ष द्या! यात भले भले फसतात. रोव्हर उंची देतो ती गणिती पृथ्वीवरून, आणि भरतीच्या कोष्टकातलं पाणी चार्ट डेटमवरून, म्हणजे सागरी नकाशाच्या शून्य पातळीवरून मोजलेलं असतं. मुंबईच्या बाजूला गणिती पृथ्वी आणि समुद्रसपाटी यांतच साठेक मीटरचा फरक आहे. जागा कितीही अचूक असू दे, हे जोडकाम चुकलं तर ॲप सांगेल चार फूट पाणी आणि होडी बसेल चिखलात. म्हणून जेट्टीच्या पायरीवर एक पक्की खूण हवी, तिची उंची दोन्ही मापांत काढलेली. ऐरोली, वाशी, दिवाळे, पलीकडे ठाण्यात चेंदणी, अशा पाच-सहा जेट्ट्यांवर खुणा केल्या तर तेच आपलं चाचणीक्षेत्र झालं. मनपाला याला फार तर दोन दिवस आणि थोडं सिमेंट लागेल.

रविवारी मला सुट्टी असते. माझा स्वतःचा एक जुना रोव्हर आहे, ऑफिसचा नाही. घेऊन येते.

सीबीडीतला_सीए
बुधवार, दुपारी ३:२०

पैशाचं मी सांगतो, तीन स्टार्टअपचे हिशोब बघतो. तुम्ही अजून पार्टनरशिप पण केली नसेल तर आधी कंपनी किंवा एलएलपी करा आणि डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता घ्या, ऑनलाइन होते. त्याने केंद्राच्या खरेदीत अनामत रकमेत सूट मिळते, आधीच्या अनुभवाची आणि उलाढालीची अटही शिथिल होते. मनपाच्या टेंडरमध्ये मात्र प्रत्येक वेळी अटी नीट वाचा.

बातम्यांत वाचता त्या मोठ्या आकड्यांच्या मागे पळू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने अंतराळ क्षेत्रासाठी १००० कोटींचा व्हेंचर फंड मंजूर केला, खासगी अंतराळ कंपन्यांचं काम बघणाऱ्या सरकारी इन-स्पेसच्या देखरेखीखाली, पण त्यातली एकेक गुंतवणूकच १० कोटींपासून पुढे धरलेली आहे, तुम्हाला आज वीस लाख पुरतील. स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडात प्रोटोटाइपला २० लाखांपर्यंत अनुदान असतं, पण ते मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फतच आणि कंपनी दोन वर्षांच्या आतली हवी, अर्ज चालू आहेत का ते पोर्टलवर बघा. म्हणजे कंपनी कधी काढायची हे पण विचारपूर्वक ठरवा, लवकर काढून नुसती ठेवली तर दोन वर्षं तशीच निघून जातात, आमच्या एका क्लायंटचं तेच झालं आणि फार वाईट वाटलं.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात चांगली वाट महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहाची. राज्याची नाविन्यता सोसायटी भरवते. जिंकणाऱ्या २४ स्टार्टअपना बक्षिसाचा चेक मिळत नाही, सरकारी खात्याकडून काही लाखांचं काम मिळतं. हे पैसे अनुदानापेक्षा भारी आहेत कारण हातात वर्क ऑर्डर आली की पुढचा प्रत्येक दरवाजा उघडतो. म्युनिकवाल्यांनी सांगितलं तसं प्रदेशाचा स्वतःचा प्रश्न, स्वतःचं बक्षीस, हे आपल्या दोन महापालिका आणि बंदर मिळून सहज करू शकतात. दरवर्षी एकच प्रश्न काढायचा. या वर्षी खाडीची वाट, पुढच्या वर्षी कंटेनरच्या रांगा, त्याच्या पुढच्या वर्षी घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये ॲम्ब्युलन्सला स्वतःची लेन सापडणं.

वागळेवाला
बुधवार, संध्याकाळी ६:४०

सीए साहेब, शंभर टक्के. पहिली ऑर्डर मिळाली तेव्हा आमची बँक पहिल्यांदा आमच्याशी नीट बोलली.

ऐरोलीचे भाऊ, अजून एक. खाडीचा पश्चिमेकडचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे बोट घेऊन उपकरणं लावायची तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी आधी बोला, लेखी. पक्ष्यांच्या मोसमात तर जाऊच नका त्या बाजूला.

ऐरोलीची_जेट्टी
रविवार, रात्री ९:३०

मंडळी, आज जे झालं ते लिहितो, हात अजून दुखतायत.

सकाळी साडेपाचला दिवाळ्याच्या जेट्टीवर जमलो. मोजणीवाल्या ताई रोव्हर घेऊन आल्या, दिवाळ्याचा दादा आला आणि सोबत त्याचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी येतानाच सांगितलं की आज अष्टमी, भांगेचं पाणी आहे, जोर नसेल, शिकायला बरं. अभयारण्याची बाजू सोडून आम्ही जवळच्याच पट्ट्यात गेलो. ताईंनी पायरीवर खूण केली, खडूने गोल काढला, अर्धा तास रोव्हर तिथे ठेवला. मग आमचा डबा (कॉइल सरकवलेला!) आणि रोव्हर दोन्ही होडीत, शेजारी शेजारी. मोकळ्या पाण्यात आमचा डबा रोव्हरपेक्षा दीड मीटरच्या आत होता, पुलाच्या खाली सहा मीटर गेला आणि बाहेर आल्यावर सावरायला चाळीस सेकंद लागले. हे चाळीस सेकंद आम्हाला आजपर्यंत माहीतच नव्हते कारण तुलना करायला शेजारी काही नव्हतं.

आजोबा वल्ह्याचं टोक खाली टेकवून खोली सांगत होते आणि आम्ही ती लिहून घेत होतो. एका ठिकाणी आमच्या ध्वनीने खोली मोजणाऱ्या मशीनने पाच फूट दाखवले, त्यांनी वल्हं टेकवलं आणि म्हणाले, "पानी तीनच. खाली दोन फूट रबडी हाय, मशीन तिला पानी समजतंय." बरोबर होतं. वरच्या पातळ गाळातून ध्वनी आरपार जात होता आणि खालच्या घट्ट थरावरून परत येत होता. ही दुरुस्ती कुठल्या पुस्तकात मिळाली असती?

मग जेट्टीवर बसून दादाने सांगितलं तसं एक पान लिहिलं : वाटेची नोंद सोसायटीची, डोल लावायच्या जागेची नोंद ठेवायचीच नाही, होडी पाच मिनिटं थांबली की डबा लिहिणं बंद करेल. ते सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला वाचायला ठेवतोय. दोन्ही महापालिकांना आणि मत्स्यव्यवसाय खात्याला एकच पत्र जाणार आहे, त्यात पैसे मागितलेले नाहीत, सहा जेट्ट्यांवर सहा खुणा आणि पन्नास होड्यांचं तीन महिन्यांचं चाचणीचं काम मागितलंय. मसुदा उद्या इथेच टाकतो, सीए साहेबांनी आणि सगळ्यांनी लाल शाई चालवा. नवीन पनवेलच्या ताई, सप्टेंबरमधल्या रात्रीच्या फेऱ्यांसाठी तारखा तुम्ही सुचवा, आम्ही होडी ठरवतो.

दिवाळ्याचा_पोर
रविवार, रात्री १०:१५

आजोबा विचारतायत पुढच्या वेळी कधी. मी सांगितलं अमावस्येला, उधाण आहे, साडेअकरा-बाराला पाणी भरेल. दहापर्यंत जेट्टीवर या, उशीर करू नका. पाणी दोन बाटल्या आणा प्रत्येकी.